बसायला जागा

(वसईत तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला सिनेमावर बोलायला बोलावलंय आणि मी सिनेमातला माणूस नाही. मी कोड लिहितो. रोज नालासोपाऱ्याहून अंधेरीला जातो, परत येतो, आणि लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात मावेल तेवढाच सिनेमा बघतो. पण हा एक मी थिएटरात जाऊन पाहिला. नोव्हेंबर २०२४, ऑफिस सुटल्यावरचा शो, हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जण. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी पोचला होता, १९९४ च्या 'स्वाहम्' नंतर. पण मी आज बोलतोय ते बक्षिसामुळे नाही. त्यातल्या एका मुलामुळे बोलतोय आणि त्या मुलाने मला माझंच एक जुनं काम आठवून दिलं म्हणून.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात दोन मल्याळी नर्स आहेत, प्रभा आणि अनू. दोघी एका खोलीत राहतात. प्रभाचं लग्न झालंय, पण नवरा जर्मनीत, फोनसुद्धा येत नाही. एक दिवस तिकडून राईस कुकर येतो, चिठ्ठी नाही, काही नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती आहे, आपल्या छाया कदम. तिची चाळ बिल्डर पाडणार आणि घराचे कागद तिच्याकडे नाहीत. आणि धाकटी अनू शियाज नावाच्या मुलावर प्रेम करते. शियाज मुसलमान आहे.

सिनेमाची सुरुवात दादरच्या बाजाराने होते. रात्र, भाज्यांच्या गोण्या, आणि वरून वेगवेगळ्या माणसांचे आवाज, वेगवेगळ्या भाषांतले. त्यात एक जण म्हणतो की इतकी वर्षं इथे राहिलो, पण याला घर म्हणायला मन धजत नाही, कधी उठून जावं लागेल सांगता येत नाही. आमच्या अब्बांनी १९९३ नंतर मुंबईतली खोली विकली आणि सोपाऱ्याला आले. मी तेव्हा तीन वर्षांचा. खोली का विकली हे त्यांनी आम्हाला कधी धड सांगितलं नाही. 'इकडे हवा चांगली आहे' एवढंच म्हणायचे. तो आवाज ऐकला आणि मला ती हवा आठवली.

तर शियाज. हृदु हारून नावाच्या नटाने तो केलाय. मला तो का आवडला? कारण तो काहीच करत नाही. कुणाचा जीव वाचवत नाही, देशावर भाषण देत नाही, आपण चांगले मुसलमान आहोत याचा पुरावा देत नाही. तो मेसेज करतो, वाट बघतो, हसतो, अनूबरोबर बाजारात फिरतो. बस. पडद्यावर आपलं नाव असलेला मुलगा आला की आपण सीटवर थोडं सावरून बसतो की नाही? आता हा दहशतवादी निघेल, नाहीतर मित्रासाठी मरेल. या मुलाला दोन्ही करावं लागत नाही. अर्धा सिनेमा झाला तरी मी सावरून बसलो होतो, मग लक्षात आलं की याला काही होणार नाहीये, आणि टेकून बसलो.

आठवून बघा, आपल्याकडच्या मोठ्या आवाजाच्या सिनेमांत काय असतं. 'बॉम्बे' १९९५, 'गदर' २००१, 'वीर-झारा' २००४. तिन्हींत मुलगी मुसलमान, मुलगा नाही. मुलगी आपली असली तर चालते, ती तिकडे जाते. मुलगा आपला असला की प्रकरण अवघड होतं. रितेश बत्रांच्या 'फोटोग्राफ' मध्ये, २०१९ मध्ये, रफी होता, गेटवेवर फोटो काढणारा, आणि सीए करणारी गुजराती मिलोनी. तोही असाच हळू आवाजातला सिनेमा. मोठ्या आवाजात हे मांडायला अजून कुणी फारसं तयार नाही, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट. शियाजही मल्याळीच आहे. दोघांची भाषा एक, राज्य एक, मुंबईत दोघंही बाहेरचे. हिंदीशी झटापट करणाऱ्या या शहरात ते दोघं एकमेकांशी आपल्या भाषेत कुजबुजतात. तरी हॉस्पिटलात कुजबुज होते ती याचीच, की अनू मुसलमान मुलाबरोबर फिरते. भाषा एक असून पुरत नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. 'मराठी छान बोलता हो तुम्ही,' हे कौतुक ज्याने ऐकलं नाही त्याने हात वर करा. बघा, एकही नाही.

सिनेमात एक प्रसंग आहे. शियाजच्या घरचे लग्नाला जाणार असतात, घर रिकामं मिळणार असतं. अनू बुरखा विकत घेते, म्हणजे त्याच्या मोहल्ल्यात शिरताना कोणी बघितलं तरी ओळखणार नाही. लोकलमध्ये बसते. आणि वाटेत मेसेज येतो, पाऊस झालाय, घरचे निघालेच नाहीत. ती तशीच बुरख्यात बसून राहते. थिएटरात दोघं-तिघं हसले, मीही हसलो. बुरखा म्हणजे चावी, आत शिरायची. आपल्या मुली तो बाहेर पडायची चावी म्हणून वापरतात, कधी घालून, कधी पिशवीत ठेवून, हे इथल्या बहिणींना मी सांगायची गरज नाही. त्या हसतायत.

पण या दोघांचं मागणं काय आहे बघा. ते पळून जायचं ठरवत नाहीत, लग्नाचीही घाई नाही. त्यांना बसायला जागा हवी आहे. एवढ्या मोठ्या मुंबईत दोन माणसांना दार लावून बसता येईल अशी जागा नाही. ती त्यांना शेवटी मिळते रत्नागिरीला. पार्वती शहर सोडून गावी परत जाते, प्रभा आणि अनू तिला पोचवायला जातात आणि शियाज गुपचूप मागून येतो. माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. ती लाल माती पडद्यावर आली तेव्हा बरं वाटलं आणि हसूही आलं. कारण त्या दोघांना गाव म्हणजे जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. आपल्याला गाव म्हणजे जिथे एसटी पोचायच्या आधी फोन पोचतो.

सिनेमात मला एक गोष्ट खटकली, तीही सांगतो. अनूच्या घरचे तिच्यासाठी स्थळं बघतायत हे आपल्याला कळतं. शियाजच्या घरचं काहीच कळत नाही. त्याची अम्मी काय म्हणाली असती? आपल्या घरात ती मुलगी आली असती तर नाव बदलायला सांगितलं असतं का? कॅमेरा त्याच्या मोहल्ल्यापर्यंत येता येता पावसाने परत फिरतो. आणि तेच उलटं असतं, अनू आपली आणि शियाज त्यांचा, तर? इथून पुढे सिनेमा मला मदत करत नाही. इथून पुढे मी वसईचं बोलतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतला एक खून उघडकीला आला. मुलगी वसईची, आरोपीही वसईचा आणि मुसलमान. नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत. त्या आठवड्यात ऑफिसात मला तिघांनी विचारलं, 'तू वसईकडचाच ना?' टीव्हीवर तर आपण सगळेच आरोपी होतो. डिसेंबरमध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय लग्नंही होती, दोन दिवसांत तो शब्द काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली, 'लव्ह जिहाद'विरोधी कायदा कसा करता येईल ते बघायला. विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहेच. त्यात लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात तीस दिवस लावतात, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. म्हणजे जे दोघं घरच्यांपासून लपून अर्ज भरायला येतात, त्यांची नावं भिंतीवर. 'माझ्यावर नजर ठेवली जाते' ही आपली तक्रार खरी आहे. मी ती मागे घेत नाही.

पण त्या नोव्हेंबरमध्ये आपण काय केलं तेही आठवा. आपण घाईघाईने म्हणालो, तो आमच्यातला नव्हताच. आणि विषय संपवला. त्या मुलीने दोन वर्षं आधी मारहाणीची तक्रार लिहून दिली होती. त्यावर आपल्यात कोण बोललं? मी नाही बोललो. मला फक्त माझं नाव वाचवायचं होतं.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मामूंचा फोन आला.

हे मी तिची परवानगी घेऊन सांगतोय. मामूंची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. तिथे येणाऱ्या एका मुलाशी तिची ओळख झाली. मुलगा पश्चिमेकडचा, वाडीतला, सामवेदी ख्रिस्ती. तो घरी कादोडी बोलतो, आम्ही घरी कोकणी, आणि ते दोघं एकमेकांशी मराठी. मामू वाईट माणूस नाहीत. घाबरलेले होते. म्हणाले, 'टीव्हीवर बघतोयस ना काय चाललंय. उद्या आपल्या मुलीचं काही झालं तर? तू कॉम्प्युटरवाला आहेस. ती कुठे जाते एवढंच मला कळू दे.'

निकाहाचं, मुलगा किताबी असला तर काय आणि मुलगी आपली असली तर काय, हे कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. ते उलेमांना विचारा, मी इंजिनियर आहे. मामूंनी माझ्याकडे मसला मागितला नव्हता. लोकेशन मागितलं होतं.

आणि मी दिलं. ईदला घरी आली होती, तिचा फोन मागून घेतला, 'अपडेट करून देतो' म्हणालो, आणि गूगल मॅप्सवर तिचं लोकेशन माझ्या नावाने शेअर केलं. दोन मिनिटांचं काम. जवळजवळ चार महिने माझ्या नकाशावर तिच्या फोटोचा एक छोटा गोल ठिपका होता. मीटिंगमध्ये कंटाळा आला की मी बघायचो. ठिपका बहुतेक लॅबवरच असायचा. संध्याकाळी मामूंना सांगायचो, लॅबवरच आहे. मामू म्हणायचे, अल्हम्दुलिल्लाह. पुढे त्या मुलाचं घरच्यांनी दुसरीकडे जमवलं, हिने पुण्याला नोकरी घेतली आणि मी शेअरिंग बंद केलं. कुणाला काही कळलं नाही असं समजून विसरूनही गेलो.

मग तो सिनेमा. त्यात अनू हॉस्पिटलच्या काउंटरवर बसून शियाजशी मेसेजवर बोलत असते आणि ते शब्द आपल्याला पडद्यावर दिसतात. त्या दोघांची खोली म्हणाल तर तो फोनच आहे. आणि मला तो ठिपका आठवला. शियाजला बघून मी टेकून बसलो होतो ना, मला कुणी तपासत नाहीये म्हणून? पण मी स्वतः तर तपासणाऱ्यांतला होतो.

सिनेमाच्या शेवटी प्रभा, जी आधी अनूला या सगळ्यावरून बोललेली असते, तीच तिला सांगते, बोलव त्याला. समुद्रकिनाऱ्यावर रंगीत दिव्यांचं एक छोटं हॉटेल, रात्र, आणि चौघं एका टेबलाशी बसलेले. पुढे काय होणार हे कुणी सांगत नाही. मला तिथे प्रभाची हिंमत मोठी वाटते. अनूचं प्रेम आहे, ती करेलच. प्रभाचा त्यात काही फायदा नाही.

सिनेमा ओटीटीवर आला तेव्हा मी बहिणीला त्याची लिंक पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. 'बघितला. तू मला हा का पाठवलास?' मग मी सांगितलं. सगळं, ईद, अपडेट, मामू.

ती हसली. म्हणाली, 'मला माहीत होतं रे. गूगलचा मेल येतो ना, तुमचं लोकेशन अमुक अमुकला दिसतंय म्हणून. तुझं नाव होतं त्यात.'

तो मेल येतो हे मला माहीत असायला हवं होतं. पगार मी याच गोष्टींचा घेतो.

'मग बंद का नाही केलंस?'

'बंद केलं असतं तर तुम्ही दुसरं काहीतरी केलं असतं. फोन लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचे.'

चार महिने मी एका ड्रॉवरवर नजर ठेवून होतो. आणि ती बाई फोनशिवाय फिरत होती. रस्त्यात काही झालं असतं, तर तिला मला फोन करता आला नसता. मामूंनी जिच्या काळजीने हे करायला लावलं तिच्या हातातला फोनच आम्ही काढून घेतला होता.

मी विचारलं, 'जायचात कुठे?'

'कुठे जाणार? किल्ल्यात. तिकडे बुरुजाखाली सावली असते. नुसतं बसायचो.'