गाडी आपल्या नावावर, तर चलानही आपल्याच नावावर
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मार्गदर्शन)



बचतीचा हिशोब झाला, आता दहा मिनिटं माझी. आधी सांगा, घरातली दुचाकी किती जणींच्या नावावर आहे? हात वर करा. बघा, बऱ्याच आहेत! गटातून कर्ज घेतलं, कागद ताईच्या नावावर. आणि चालवतो कोण? मुलगा, नाहीतर घरधनी. तो हेल्मेटशिवाय तालुक्याला गेला, फोटो निघाला, की ई-चलान येतं ते ताईच्या नावावर.

मागच्या महिन्यात आपल्या एका ताईंना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, 'दंड आजच भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल.' खाली एक फाईल. ताई घाबरल्या. खात्यात गटाच्या हप्त्याचे पैसे होते. फाईल उघडायच्या आधी त्यांनी मला फोन केला, म्हणून पैसे वाचले. अशी फाईल म्हणजे खोटं ॲप असतं. ते मोबाईलमध्ये बसलं की आपले ओटीपी चोराला दिसतात.

मग आम्ही दोघींनी खऱ्या साईटवर गाडीचा नंबर टाकला. तर मुलाची दोन खरी चलानं निघाली! त्यांचे मेसेज ताईंना आलेच नव्हते, कारण गाडी घेताना मोबाईल नंबर दुसऱ्याचाच दिला होता.

म्हणून ताईंनो, एवढं लक्षात ठेवा :

१. मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलान साईट स्वतः उघडायची. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते बघायचं.

२. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. ते आरसी बुकात असतात.

३. फोटो नीट बघा. गाडी आपली नसेल तर पैसे न भरता तिथेच तक्रार करा. आपलीच असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा.

४. चलान तसंच ठेवलं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. व्हर्च्युअल कोर्टात गेलेलं असेल तर त्या कोर्टाच्या साईटवर गाडीच्या नंबरवरून सापडतं. दंड मान्य असेल तर घरबसल्या भरता येतो, नसेल तर तसं कळवता येतं. मग ते नेहमीच्या कोर्टात चालतं. कोर्टाचं नाव ऐकून घाबरू नका. बाईमाणसाला वकिलाची मदत मोफत मिळण्याचा कायदा आहे, १९८७ चा. त्यासाठी फोन १५१००.

५. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त.

आणि एक. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी देऊ नका. पकडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालक कोण? तुम्हीच ना!

मला माहिती आहे, दंड मुलाने करायचा आणि भरायचा आईने, हे बरोबर नाही. म्हणून पावती घरात सगळ्यांसमोर ठेवा, आणि पैसे ज्याने चूक केली त्याच्याकडून घ्या. गाडी आपली आहे, तर विचारायचा हक्कही आपला आहे.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आरसी बुक आणा. आपण सगळ्यांच्या गाड्या एकत्र तपासू आणि नोंदीत चुकीचा मोबाईल नंबर असेल तर तो बदलून घेऊ.