चार कवितांचा निकाल

कवितेला क्रमांक देणं मला मनापासून कधीच पटलेलं नाही. तरी परीक्षक म्हणून बोलावलं की मी जातो. पाकीट छोटं असतं, पण मान मिळतो ना!

अशाच एका स्पर्धेत शेवटच्या फेरीला चार कविता उरल्या होत्या. दुसरे परीक्षक एक ज्येष्ठ कवी. आम्ही वेगवेगळे बसून क्रम लावले. पहिली आणि चौथी कविता दोघांचीही एकच निघाली, दुसरी-तिसरी तेवढी उलटसुलट. संयोजकांमधल्या एका हौशी तरुणानं कॅल्क्युलेटर काढला आणि माइकवरून सांगून टाकलं, ‘‘दोन्ही परीक्षकांचा सहसंबंध शून्य पूर्णांक आठ दशांश!’’ टाळ्या पडल्या.

चौथी आलेली मुलगी नंतर जवळ आली. ‘‘सर, माझी कविता खरंच सगळ्यांत कच्ची होती?’’ मी म्हणालो, ‘‘बेटा, आम्ही वेगवेगळे बसलो होतो. तरी आकडा बघ ना.’’ तिनं कागदाची घडी घातली आणि निघून गेली.

घरी हे मी ऐटीत सांगितलं. माझी मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती एवढंच म्हणाली, ‘‘अब्बा, चारच कविता?’’ मग वहीचं पान फाडून तिनं चार चिठ्ठ्या केल्या.

मी बी.ए. मराठीचा, पण हे मलाही कळलं. चार कविता २४ प्रकारे लावता येतात. त्यांतला एक क्रम माझ्याशी तंतोतंत जुळतो, आणि तीन क्रमांत फक्त शेजारशेजारच्या दोघींची अदलाबदल होते. म्हणजे ०.८ किंवा त्याहून मोठा आकडा देणारे क्रम चार. दुसऱ्या परीक्षकांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तरी सहांत एकदा आमचं असंच ‘एकमत’ झालं असतं. लुडोच्या फाशावर सहा पडावेत, तसं.

ही रीत चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९०४ साली मांडली. १९३८ साली मॉरिस केंडॉल यांनी वेगळी रीत दिली. कवितांच्या जोड्या पाडायच्या आणि किती जोड्यांवर एकमत, किती जोड्यांवर मतभेद, ते मोजायचं. आमच्या जोड्या सहा. पाचांवर एकमत, एकीवर वाद. पाचातून एक वजा, भागिले सहा, म्हणजे ०.६७. निकाल तोच, पण टाळ्या जरा कमी पडल्या असत्या.

वस्तू थोड्या असल्या की हे आकडे जिन्यासारखे पायऱ्यांनी उतरतात. चार कवितांत स्पिअरमनच्या रीतीनं १ च्या खालची पायरी थेट ०.८. दहा कवितांत तीच अदलाबदल ०.९९ देते. उलट दहा कवितांवर ०.८ आला असता, तर नुसत्या चिठ्ठ्यांनी तो शंभरांत एकदा येणंही कठीण. तीन कवितांची तर गंमतच आहे. तिथं शून्य येऊच शकत नाही! ‘आमचा काही संबंध नाही’ असं म्हणायची सोयच नाही.

‘‘म्हणजे आम्ही चुकलो?’’ मी विचारलं.

‘‘तसं नाही, अब्बा. पण एवढ्यावरून तुम्ही बरोबर होतात, हेही म्हणता येत नाही.’’

त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. यंदा दुसऱ्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं, तेव्हा मी कळवलं की चाळणी न लावता बाराही कविता दोन्ही परीक्षकांकडे पाठवा. संयोजक म्हणाले, ‘‘झेरॉक्सचा खर्च वाढेल हो.’’ म्हटलं, माझ्या पाकिटातून कापा.