निवटीचे बीळ



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून चिखलातल्या एका माशाविषयी बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु गुजरातेत राहून मराठीतून शिकलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला या माशाची दोन नावे आपसूक येतात. कोकणात आणि मुंबईत जी निवटी, तोच खंभातच्या आखाताकाठचा लेवटा. शास्त्रज्ञ इथल्या एका जातीला बोलिऑफ्थॅल्मस डुसुमिएरी म्हणतात. ते नाव पाठ करण्याची सक्ती मी कोणावर करणार नाही.

ओहोटी लागली की इतर मासे पाण्याबरोबर मागे सरतात. निवटी तेव्हा बिळातून बाहेर पडते. छातीच्या परांवर कुबड्यांसारखा भार देत ती चिखलावरून सरकते आणि डोके डावी-उजवीकडे हलवीत वरचा डायाटमचा थर खरवडून खाते. कातडी व तोंडाचे अस्तर ओले असेपर्यंत तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ती मधूनमधून चिखलात लोळते. पापण्या नसल्याने डोळाच खोबणीत ओढून ती तो भिजवते. भरती येताच पुन्हा बिळात. कुवेतच्या किनाऱ्यावर तर ही निवटी आपल्या चराऊ तुकड्याभोवती चिखलाच्या भिंती घालते. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना भिडून पंचकोनी, षटकोनी वाफे तयार होतात. शेजाऱ्यांतील हद्दीचे भांडण इतक्या नीटस भूमितीने मिटलेले मी माणसांत पाहिलेले नाही.

पण खरी नवलाई खाली आहे. खाजणाचा चिखल पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवरच प्राणवायूहीन होतो. त्याचा काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास तेच सांगतात. बिळातले पाणीही जवळजवळ तसेच. अशा जागी अंडी घालायची, म्हणजे ती गुदमरणारच. मग निवटी काय करते?

याचे उत्तर जपानमध्ये पेरिऑफ्थॅल्मस मॉडेस्टस या तिच्या भावकीतील माशावर मिळाले. नागासाकी विद्यापीठाचे अत्सुशी इशिमात्सु आणि सहकाऱ्यांनी ते २००७ साली प्रसिद्ध केले. या माशाच्या बिळाचे टोक वर वळलेले असते आणि तिथल्या कोठडीच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. ओहोटीच्या वेळी नर वर येऊन तोंड भरून हवा घेतो, खाली जाऊन ती कोठडीत सोडतो, पुन्हा वर येतो. अंडी पाण्यात नव्हे, या साठवलेल्या हवेत वाढतात. दिवस भरले की नर उलटे काम करतो: रात्रीच्या भरतीत तोच कोठडीतली हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. पाणी चढते, अंडी बुडतात आणि बुडताच फुटतात. हवा भरणारा आणि हवा काढून टाकणारा बाप एकच. वेळ चुकली तर सगळी वीण फुकट जावी. आपल्याकडील बोलिऑफ्थॅल्मस नेमके हेच करतो, असे मात्र मी म्हणणार नाही. जात निराळी, चिखलही निराळा.

या साऱ्याला लागते ती दिवसातून दोनदा भिजणारी, मऊ चिखलाची जमीन. सरकारी भाषेत आणि आपल्याही बोलण्यात ती बहुधा ‘पडीक’ असते. बांध घालून भरतीचे पाणी अडवले की वरचा थर वाळतो, भेगाळतो, डायाटम संपतात. बीळ कोरायला मऊ चिखलच उरत नाही. भराव घातला तर तेवढाही अवकाश मिळत नाही. किनाऱ्यावरची गरीब कुटुंबे निवट्या हाताने बिळांतून काढून विकतात. त्यांचा बाजारही त्याच चिखलावर उभा आहे. एखाद्या भरावाच्या हिशेबात हे दोन्ही कुठल्या रकान्यात मांडतात, ते विचारण्याचा हक्क करदाते म्हणून आपल्याला आहे.

पालकांना एक विनंती. मुलांना न्यायचे असेल तर ओहोटीची वेळ पाहून न्या आणि बांधावरूनच पाहू द्या. खंभातच्या आखातात पाणी फार वेगाने चढते आणि चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाच मिनिटे हालचाल न करता उभे राहा. सावली हलली नाही, की एकेक डोके बिळातून वर येऊ लागते.