जुना छोटा ट्रॅक्टर : ठेवावा, घ्यावा की मोडीत काढावा?



आज बोलायचं आहे जुन्या, छोट्या ट्रॅक्टरविषयी. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यात जा; एखाद्या गोठ्याशेजारी, कडुलिंबाखाली जुनापुराणा ट्रॅक्टर उभा दिसतो. रंग उडालेला, बोनेटला तार बांधलेली, आणि नंबर अजून एमएच ३० म्हणजे अकोल्याचा. कारण आपला वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी! तरी मृग निघाला की तीच गाडी वावरात उतरते.

अशी गाडी ठेवावी की विकावी? आणि दुसऱ्याची मिळत असेल तर घ्यावी की नाही? घरचा पैसा गुंततो, कधी कर्जही काढावं लागतं. म्हणून नीट समजून घेऊ.

या गाड्या टिकल्या कशा?

आपल्या देशात ट्रॅक्टरचे कारखाने उभे राहिले ते मुख्यतः १९६० च्या आगेमागे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला तयार झाला. पुढे इंटरनॅशनल बी-२७५ आला. पिंजोरच्या कारखान्यातून १९७१ पासून एचएमटी झेटर २५११ निघू लागला. १९७४ साली स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या आपल्याच संशोधन संस्थेत तयार झाला होता. यातले बहुतेक पंचवीस-तीस अश्वशक्तीच्या आसपासचे, म्हणजे लहान शेतकऱ्याला पेलणारे.

त्यांच्या टिकाऊपणाची कारणं साधी आहेत. धातू जाड. इंजिन कमी फेऱ्यांवर चालणारं. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा झिजल्या तर तेवढ्याच बदलता येतात, ब्लॉक तसाच राहतो. वायरिंग मोजकं. तालुक्याचा मिस्त्री पाने-पेचकस घेऊन बांधावर येतो आणि तिथंच गाडी उघडतो.

आणखी एक हिशोब ध्यानात घ्या. कृषी अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचं आयुष्य ढोबळमानाने दहा हजार तास धरतात. भाड्यानं फिरणारी गाडी वर्षाला हजार तास चालली, तर दहा वर्षांत तिचं आयुष्य सरतं. पण घरच्या दहा-बारा एकरांत वर्षाला चारशे तासच चालणाऱ्या गाडीला तेवढे तास भरायला पंचवीस वर्षं लागतात. म्हणून गाडीचं साल विचारू नका, गाडी राबली किती ते विचारा.

कोणत्या कामाला चालेल?

पंचवीस अश्वशक्तीची चांगली गाडी वखरणी, हलका कल्टिव्हेटर, पेरणी, फवारणी, ट्रॉली आणि पाण्याचा पंप ही कामं निभावते. कारंजा-मंगरूळपीरकडच्या संत्राबागांत तर हलकी, बुटकी गाडी मोठीपेक्षा बरी. झाडांमधून वळते आणि जमीन कमी दाबते. मात्र संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्याच थरात असतात, म्हणून घेराखाली खोल मशागत करू नका.

भारी काळ्या जमिनीची खोल नांगरणी, मोठा रोटाव्हेटर किंवा सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं बीबीएफ यंत्र यांना जास्त ताकद लागते. ती कामं भाड्याच्या मोठ्या गाडीकडून करून घ्या. म्हाताऱ्या बैलाला जास्त ओझं लावत नाही, तोच न्याय इथं.

विकत घेताना काय पाहावं?

१. गाडी थंड असताना पाहा. मालकाला आधीच सांगा, 'मी येईस्तोवर चालू करू नका.' गेल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर समजा, सुरू व्हायला त्रास देते.

२. धूर पाहा. काम करताना काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, नोझल बिघडलंय, नाहीतर ओझं जास्त आहे. हा खर्च बहुधा थोडक्यात भागतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा-स्लीव्हचं काम निघेल. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर नोझल तपासा, आणि सिलिंडरमध्ये पाणी जात नाही ना तेही पाहा.

३. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर इंजिन झिजलं आहे.

४. वावरात चालवून पाहा. नुसती रस्त्यावर नको. औजार जोडून एकेक गिअर टाका. ओझ्याखाली गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

५. लिफ्टवर औजार उचलून इंजिन बंद करा. औजार भराभर खाली आलं तर हायड्रॉलिकचं काम आहे. तपासताना कोणालाही औजाराखाली जाऊ देऊ नका.

६. पुढची चाकं हलवून पाहा, स्टिअरिंग किती पोकळ फिरतं ते पाहा, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का ते पाहा. टायरची नक्षी चांगली असली तरी बाजूच्या भेगा तपासा.

७. सुटे भाग मिळतात का, ते सौद्याआधी दुकानात विचारा. स्वराज ७२४ चं नाव आजही चालू आहे, आयशरचंही आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग मात्र बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. ती गाडी वाईट नव्हे, पण तिचा माल आता बाजारातून पारखून घ्यावा लागतो.

८. कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. इंजिन व चासी नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला का ते पाहा. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती वाढवलेली आहे का? विमा आहे का? गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्या. 'नंतर करू' म्हणून राहिलेलं काम अपघात झाल्यावर दोघांच्याही अंगाशी येतं.

गाडी जगते ती तेल-हवेवर

दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, कुंकू लावतो. चांगलं आहे. पण एअर क्लीनरची वाटी वर्षभर कोणी उघडत नाही! जुन्या गाड्यांत हवा तेलातून गाळून इंजिनात जाते. वाटीतलं तेल आटलं किंवा गाळानं भरलं की धूळ थेट आत शिरते आणि स्लीव्ह-रिंगा कानशीनं घासाव्यात तशा घासते. कोरड्या वखरणीत आणि सोयाबीनच्या मळणीत ही वाटी रोज पाहा. तेल खुणेइतकंच भरा. कमी नको, जास्तही नको.

मळणीत भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. इंजिन हवेवर थंड होणारं असेल तर पंख्याच्या पात्यांत अन् इंजिनाच्या खाचांत अडकतो. तो संध्याकाळी झाडून काढा. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका, थंड पाणीही ओतू नका. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढत जा. ऑइल ठरलेल्या तासांना बदला, तारीख वहीत लिहा.

डिझेल किती खाते तेही मोजा. टाकी गच्च भरा, एक एकर वखरा, पुन्हा गच्च भरा. जेवढं बसलं तेवढं एकराला लागलं. दरवर्षी हाच हिशोब लिहिला तर इंजिन कधी थकलं ते वहीच सांगेल.

जिवाला जपा

जुन्या गाडीत सगळ्यात मोठी उणीव इथं आहे. सेल्फचं बटण बिघडलं की काही जण खाली उभं राहून पेचकसानं जोडणी करतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर सुरू होताच अंगावर चढते. असं कधीही करू नका. बटण दुरुस्त करा, सीटवर बसूनच गाडी सुरू करा.

हडंब्यावर काम करताना पी. टी. ओ. शाफ्टवर झाकण हवंच. फिरता शाफ्ट धोतर, पदर, ओढणी क्षणात गुंडाळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. अडकलेला माल काढायचा असेल तर आधी इंजिन बंद करा.

चिखलात फसलेल्या गाडीच्या मागच्या चाकाला लाकूड बांधून जोर लावू नका. चाक अडतं, पुढचा भाग उचलला जातो आणि गाडी चालवणाऱ्यावर उलटते. मागं घेऊन पाहा, नाहीतर दुसऱ्या गाडीनं ओढून काढा. मडगार्डवर पोरंबाळं बसवू नका.

शेवटी निर्णय

मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्या. खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त जात असेल तर थांबा, विचार करा. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक ही तिन्ही कामं एकदम निघाली तर मन घट्ट करून गाडी सोडा. पण इंजिन धड असेल, भाग मिळत असतील, कागद साफ असतील आणि काम घरापुरतं असेल, तर नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जुनी बिनकर्जी गाडी परवडते. पेरणीच्या ऐन घाईत भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात वाफसा निघून जातो. घरची गाडी तो वाफसा साधून देते. तिचं खरं मोल तेच आहे.

उन्हाळ्यात, हात मोकळे असताना गाडी तपासून घ्या. रोहिणी निघाल्यावर मिस्त्री सापडत नाही!

राम राम.