एका गोळीची बंदूक आणि राज्यकर्त्यांचा अविश्वास



शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे, या निर्णयात राज्यकर्त्यांचे मन उघडे पडते. मार्टिनी-हेन्री बंदुकीचा इतिहास याची साक्ष देतो.

ब्रिटिश सैन्याने ही बंदूक १८७१ साली स्वीकारली. तिची रचना साधी, पण विलक्षण. चापामागची तरफ खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली झुकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडाही आपोआप चढतो. नवे काडतूस सरकवून तरफ वर केली की बंदूक सज्ज. एका वेळी एकच गोळी. तरीही कसलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा गोळ्या झाडी.

पण हिंदी शिपायाला तेव्हा ती मिळाली नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात ज्या एन्फिल्डच्या काडतुसांनी ठिणगी पडली, तीच बंदूक मागून भरता येईल अशी बदलून ‘स्नायडर’ तयार झाली होती. हिंदी पलटणींच्या वाट्याला ती आली. तिचे झाकण बाजूला उघडावे लागे आणि रिकामे काडतूस पाडण्यासाठी बंदूक उलटी करावी लागे.

२७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदला हा भेद रणांगणावर दिसला. गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती; शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. अयूबखानाच्या संख्याबळामुळे व तोफांमुळे ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. पराभव केवळ बंदुकीमुळे झाला नाही. पण एकाच मृत्यूला सामोरे जाणाऱ्यांना शस्त्रे मात्र दोन प्रतींची होती. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली होती. युरोपीयांना सूट होती.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. भूमी आपली, घाम आपला. कोणती बंदूक कोणाला, हा निर्णय मात्र परक्यांचा.

आता तो निर्णय आपला आहे, म्हणूनच जबाबदारीही आपली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, घाटकोपर-मुलुंडचे हजारो चाकरमानी जेथून रोज घरी परततात त्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, ए. के. ४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर आपल्या जवानांच्या हाती जुन्या .३०३ बंदुका होत्या. शौर्य उणे नव्हते. तेव्हा हुतात्म्यांना हार घालताना एक प्रश्नही विचारावा : जो आपल्यासाठी उभा राहतो, त्याच्या हाती आपण काय देतो?