मागे जाण्याची रीत

टीव्हीवर गोल्फ लागला की आपण चॅनेल बदलतो. श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचे! मी तर कवितेच्या वहीत रमणारा माणूस. पण या खेळातला एक क्षण मला नेहमी थांबवतो. चेंडू मारण्याआधी खेळाडू काठी मागे नेतो, तो क्षण. त्याला बॅकस्विंग म्हणतात.

विटीदांडू खेळलेल्यांना वाटते, उचलायची काठी, मारायचा चेंडू. गोल्फमध्ये नुसते हात उचलून भागत नाही. अमेरिकेच्या बेन होगनने १९५७ साली 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात क्रम सांगितला. आधी पंजे, लगेच बाहू, मग खांदे. आणि खांद्यांच्या ओढीने शेवटी कंबर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा हनुवटीखाली येतो. डोके स्थिर. वजन उजव्या पायावर, पण तळव्याच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या कडेवर गेले की तोल सुटला.

खांदे साधारण ९० अंशांत वळतात, कंबर त्याच्या निम्मीच. सारी गंमत या फरकात आहे. दोरीला पीळ द्यायचा तर एक टोक धरून ठेवावे लागते ना? तसेच हे. कंबरही खांद्यांइतकीच फिरली तर माणूस नुसता वळला. पीळ पडलाच नाही. परतताना क्रम उलटा होतो. कंबर आधी सुटते, काठी सर्वांत शेवटी येते.

हे सांगणाऱ्या होगनच्या गाडीला फेब्रुवारी १९४९ मध्ये टेक्सासात बसने समोरून धडक दिली होती. कमरेचे हाड, गळ्याजवळचे हाड, घोटा, सगळे मोडले. तो पुन्हा चालेल की नाही, हीच शंका होती. जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या बांधून, त्याने मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकली. ज्याची कंबर मोडली होती, त्यानेच पुढे जगाला कमरेचे काम समजावून सांगितले.

तुम्हीही करून बघा. काठी नको, मैदान नको. हातांची घडी छातीवर घाला, गुडघे किंचित वाकवा, डोके न हलवता खांदे सावकाश उजवीकडे वळवा. पाठीत जो ताण जाणवेल, तोच तो पीळ. कंबरदुखी असलेल्यांनी मात्र हे नुसते ऐकावे!