अस्सल की नक्कल? : जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित भाग)



साहित्य, संगीत आणि नाट्य यांवरील व्याख्यानांच्या मालिकेत मोटारीच्या सुट्या भागांवर बोलण्यासाठी एका यंत्रज्ञास पाचारण करण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. विषय वरकरणी वंगणाचा आणि पान्यांचा आहे. परंतु जुने जतन करावयाचे म्हणजे नेमके काय जतन करावयाचे, हा त्याच्या गाभ्याशी असलेला प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा नव्हे.

जुनी गाडी दुरुस्तीस घेतली, की तिचा एखादा भाग निकामी झालेला आढळतो आणि बदली भागाचा शोध सुरू होतो. आपल्या कलकत्त्यात तो मलिकबाजारात नेतो, मुंबईत चोरबाजारात, मद्रासेत पुदुपेटेत, तर दिल्लीत काश्मीरी गेटापाशी. तेथे जे हाती लागते त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, मोडीत निघालेल्या समकालीन गाडीवरून उतरविलेला अस्सल भाग. दुसरा, त्या काळीच तयार होऊन दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळून राहिलेला, कधीही न वापरलेला भाग. तिसरा, जुन्या नमुन्यावरून आज नव्याने घडविलेला भाग. यालाच बाजारात सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणविले जाते.

सर्वसाधारण समजूत अशी, की पहिले दोन वर्ग श्रेष्ठ आणि तिसरा कनिष्ठ. ही समजूत अर्धीच खरी आहे. आपल्या शेजारच्या उत्तरपाड्याचेच उदाहरण घ्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अँबॅसडर तेथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत तयार होत होती. बाह्यरूप फारसे न बदलल्यामुळे सर्व अँबॅसडर सारख्याच, असे लोकांस वाटते. परंतु १९६२च्या मार्क टूची पुढची जाळी वेगळी, १९७५च्या मार्क थ्रीची वेगळी. पहिल्या पिढीच्या गाडीस मार्क थ्रीची जाळी बसविली, तर भाग कंपनीचा, शिक्का कंपनीचा, आणि तरीही गाडी खोटी! म्हणजे अस्सलपणा केवळ कारखान्याच्या नावात नसतो. तो कालाशी असलेल्या इमानातही असतो.

याच्या उलट उदाहरण विलायतेतील आहे. एम.जी.बी. ही लोकप्रिय गाडी १९८०मध्ये बंद पडली. पुढे १९८८मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळचे साचे गोळा करून त्या गाडीचे संपूर्ण सांगाडे नव्याने दाबून काढण्यास आरंभ केला. साचे तेच, घडण तीच. मध्ये काही वर्षे गेली एवढेच. या सांगाड्यास नक्कल म्हणावे काय? मूळ गाडी बनविणाऱ्या साच्यांतूनच तो जन्मला, म्हणून तो सख्खाच. मात्र जुन्या गाडीचा इतिहास त्याच्या पत्र्यावर लिहिलेला नाही, हेही तितकेच खरे.

आता व्यवहाराकडे वळू. जेथे प्राणांचा प्रश्न आहे, तेथे माझे मत निःसंदिग्ध आहे. जुन्या गाड्यांच्या तेलदाबावर चालणाऱ्या ब्रेकला बहुधा एकच नळमार्ग असे. सिलिंडरातील एक रबरी वाटी फाटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा ठिकाणी चाळीस वर्षे माळ्यावर पडून राहिलेली ‘अस्सल’ वाटी बसविणे हा निव्वळ अविचार होय. रबर वापराने झिजते, तसे न वापरताही वाळते आणि चिरते. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे; त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. तेही अस्सल म्हणून कवटाळू नये.

इंधनाची कथा अशीच आहे. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २०००च्या आरंभी बंद झाले. त्या शिशाचा एक थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करीत असे. तो गेल्यामुळे जुन्या इंजिनास कठीण पोलादाच्या बैठकी घालणे हितावह ठरते. अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांस ते सोसत नाही. गळकी नळी आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडली, तर अस्सल गाडीची अस्सल राख तेवढी उरेल. येथे इथेनॉलास टिकणारी आधुनिक नळीच हवी.

परंतु जे डोळ्यांस दिसते आणि हातांस लागते, तेथे न्याय उलट करावा. पत्रा, काचा, घड्याळे, मुठी, नाममुद्रा हे भाग शक्य तेथवर मूळचेच राखावेत. नव्याने घडविलेल्या मडगार्डाची गोलाई किंचित चुकते, दार लावताना फट तिरपी दिसते, आणि मुलाम्याची चकाकी काळाशी विसंगत असते. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांवर निकेलचा उबदार मुलामा असे. त्यांवर आज क्रोमचा निळसर झगमगाट चढविणे म्हणजे आजीला नातीचा शृंगार करणे होय.

माझ्या परिचयातील दोन भावांनी वडिलांच्या पश्चात त्यांची १९६४ची अँबॅसडर दुरुस्तीस काढली. स्टिअरिंगच्या चाकावर वडिलांच्या हातांनी झिजलेल्या दोन जागा होत्या. कारागीर नवे चाक बसवू म्हणत होता. धाकट्यासही ते पटले होते. थोरला म्हणाला, “ब्रेक सगळे नवे घाल. पण चाक तसेच राहू दे. आम्हांला शिकवताना त्यांचे हात तेथेच असत.” चाक राहिले. या निर्णयात संपूर्ण शास्त्र आले आहे, असे मी मानतो.

शास्त्र म्हणजे केवळ माझे मत नव्हे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये व्हेनिस येथे एक सनद झाली. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा आणि नवा भाग जुन्याशी जुळावा, तरी ओळखू यावा, हे तिचे सार. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद याच विचारावर उभी आहे. आपल्याकडेही जुलै २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांस ‘व्ही.ए.’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. मात्र वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट घातली. तेव्हा निवड करताना भावनेबरोबर कायद्याचेही भान हवे.

म्हणून तीन नियम सुचवितो. दुरुस्त होण्याजोगा भाग बदलू नये. बदलावाच लागला, तर काढलेला भाग फेकू नये. चिठ्ठी बांधून जपावा. आणि काय नवे, काय जुने, याची वही ठेवावी. गाडी विकताना ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यावी. नक्कल भाग बसविणे हे पाप नव्हे. तो अस्सल म्हणून सांगणे हे पाप होय.

शेजारच्या ओरिसात, पुरीस, श्रीजगन्नाथाचे नवकलेवर होते. १९९६मध्ये झाले, २०१५मध्ये झाले. काष्ठमूर्ती नवी येते, परंतु आतील ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नवीत नेला जातो, आणि भक्ताला देव बदलला असे कधी वाटत नाही. काय बदलावे आणि काय कदापि बदलू नये, हे ज्यांस ठाऊक असते, त्यांचे जुने कधी मोडीत निघत नाही.

आपल्या मंडळाचीही पन्नास वर्षांत माणसे बदलली, पदाधिकारी बदलले, पुढच्या पिढीच्या मराठीत बंगाली वळणे आली. नव्या नळ्या जरूर घालाव्यात. परंतु ज्या चाकावर पूर्वसूरींच्या हातांची झीज आहे, ते चाक मात्र सांभाळावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.